त्रेसष्ट फोटोंची यादी

दुरपतानं कापडी पिशवीतून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि आतला फोन माझ्या काउंटरवर ठेवला.

“ताई, हे फोटो वकीलसाहेबाच्या कम्प्युटरवर उघडूनच नाही राहिले,” ती म्हणाली. “चौकशीच्या साइटवर बी चढत नाही म्हणते. दुसऱ्या प्रकारचे करून आण म्हणे.”

“जेपीजी करून पाहिजेत. असल्या फोनच्या फोटोंचे हेच नखरे आहेत, सगळीकडे उघडत नाहीत. बस तू. किती आहेत?”

“त्रेसष्ट.”

आकडा तिनं इतका पटकन सांगितला की मी मान वर केली. नवऱ्याची तेरवी होऊन दोनच दिवस झाले होते. डोळे सुजलेले, पण साडीची घडी नीट, पदर नीट. तिला मी आधीपासून ओळखत होते. त्यांच्या पोरीचे, पौर्णिमाचे शाळेचे फोटो दरवर्षी मीच काढायची.

तिचा नवरा तेजराम नेवारे आमच्या गावाबाहेरच्या राईस मिलमध्ये बॉयलरवर फायरमन होता. धान उकडायला वाफ लागते, ती वाफ करणारा माणूस. पंधरा डिसेंबरला सकाळी बॉयलर फुटला. आमच्या दुकानाच्या काचा तीन किलोमीटरवर थरथरल्या. तेजराम जागेवरच गेला. अंगणात धान पसरणाऱ्या दोन बाया गेल्या, त्यातली भागरता तर दुरपताच्याच आळीतली, भिंतीला भिंत.

“काय आहे या फोटोंत?” मी वायर जोडता जोडता विचारलं.

ती उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर पहिला फोटो आला. काळ्याकुट्ट पाइपावर एक दांडा, आणि दांड्याला तारेनं टांगलेलं जुन्या पुलीचं जाडजूड लोखंड.

“हा सेफ्टी व्हॉल हाय जी. वाफ जास्त झाली का हा दांडा आपोआप उचलते आन् फस्सकन सोडून देते. मॅनेजर म्हणे, सारखी वाफ सुटते, धान कच्चं राह्यते, त्याच्यावर वजन टांगा. पौर्णीचे बाबा नाही म्हणत होते. मंग मॅनेजरनं दुसऱ्या माणसाकडून टांगलं. हे रोज काढाले लावत, ते रोज टांगत.”

“मग यानं फोटो काढले?”

“दिसलं का काढत. पोळ्यापासून. मले म्हणे, उद्या काही झालं त माह्या नावावर नको यायले.” तिनं पदर तोंडाशी नेला. “आन् आता मिलवाले तेच सांगून राहिले ताई. म्हणते, लोखंड त्यानंच टांगलं. त्याच दिवशी. लवकर वाफ करून लवकर घरी जायले पाह्यजे होतं म्हणते. भागरताचा खेमराज माह्या दारात येऊन थुंकून गेला. म्हणे, तुह्या नवऱ्यानं माही माय मारली.”

“असं कसं म्हणतील? फोटो आहेत ना,” मी म्हटलं.

“हो ना जी. फोटो हायत.”

आता माझं सांगते. मी सरिता कटरे. ‘कटरे डिजिटल’चं नाव आमच्या यांचं, हात माझा. हे लग्नात कॅमेरा घेऊन फिरायचे आणि दुकानातला कम्प्युटर मी सांभाळायची. हाताला भलती घाई आणि जिभेला त्याहून जास्त. हजारो फोटो माझ्या हाताखालून जायचे, एक इकडचा तिकडे होत नव्हता. दाराच्या वर मी स्वतः रंगवून घेतलेला बोर्ड होता: ‘इथे दिलेला फोटो हरवत नाही.’ मोठा तोरा होता मला त्या बोर्डाचा.

त्या दिवशी बाकावर एक नवरी, तिची आई आणि मावशी अल्बमसाठी येऊन बसल्या होत्या. मावशी सारखी घड्याळाकडे बघत होती. दुरपता मागे उभी राहून बोलत होती आणि मी ‘हो हो’ करत होते. एक कान तिच्याकडे, एक मावशीकडे.

माझी कामाची रीत ठरलेली होती. लोकांचे फोन नेहमी भरलेले असत, म्हणून मी फोटो कॉपी करत नसे. कट करायची, म्हणजे फोन मोकळा. मग फोनमधली कचऱ्याची पेटीही रिकामी करून द्यायची. गिऱ्हाईक खूश, म्हणायचं, ताई, फोन कसा पळतो आता! कम्प्युटरवर ते एकदम बदलायचं सॉफ्टवेअर होतं. शंभर फोटो टाका, पाचशे टाका, एका बटणात सगळे जेपीजी. त्यात तीन खुणा मी कायमच्या करून ठेवल्या होत्या. फोटोला गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर द्या. फोटोच्या आतली जास्तीची माहिती काढून टाका, म्हणजे फाइल हलकी होते. आणि काम झालं की मूळ फाइल पुसून टाका, म्हणजे डिस्क भरत नाही. लग्नाच्या फोटोंना त्याहून काय लागतं?

मी बटण दाबलं. हिरवी पट्टी सरसर पुढे गेली. एक मिनिटही लागलं नाही.

‘नेवारे १’ ते ‘नेवारे ६३’. पेन ड्राइव्हमध्ये भरून तिच्या हातात दिले. एकेक उघडून दाखवला. ती प्रत्येक फोटोला मान हलवत होती.

“झाले नं बरोबर?”

“एकदम बरोबर. आता कुठंही उघडतील.”

“तुमचे लई उपकार झाले ताई,” ती म्हणाली. मी तिला पाणी दिलं, तिनं ते उभ्यानं प्यायलं आणि फोन परत रुमालात बांधून घेऊन गेली. मी नवरीच्या मावशीकडे वळले.

तिसऱ्या दिवशी वकिलांचा फोन आला. म्हातारे, सज्जन गृहस्थ, बोलायला हळू.

“कटरेबाई, त्या नेवारेंच्या फोटोंवर सगळीकडे एकच तारीख दिसते आहे. एकोणतीस डिसेंबर. स्फोटानंतरची. मूळ फोटो द्या जरा. आपलं सगळं त्या तारखांवर आहे. चार महिने वजन टांगलेलं होतं हे दिसलं, तरच तेजराम सुटतो. नाहीतर हे फोटो त्याच्याच अंगावर येतील. त्याच्याच फोनमधले, त्यानंच काढलेले. म्हणतील, बघा, याला माहीत होतं, यानंच टांगलं.”

“बघते साहेब,” मी म्हटलं.

बघायचं काय होतं! एकोणतीस डिसेंबरला मीच बटण दाबलं होतं. फोटोच्या आतली जास्तीची माहिती म्हणजेच ती तारीख आणि वेळ. ती मी काढून टाकली. नावात तारीख होती, तिथं मी ‘नेवारे’ लिहिलं. मूळ फाइल पुसली. फोनमधून कट केली आणि कचऱ्याची पेटीही आपल्या हातानं रिकामी केली. नेटवर काही चढवलेलं नव्हतं, ते मी त्याच दिवशी पाहिलं होतं. 

मग सगळा कम्प्युटर पालथा घातला. दोन तास. एक गोष्ट सापडली. ते सॉफ्टवेअर आपल्या कामाची यादी ठेवत होतं, मला कधी बघायची गरज पडली नव्हती. त्रेसष्ट ओळी. जुन्या फाइलचं नाव, फोटो काढल्याची तारीख, वेळ, नवीन नाव. एकतीस ऑगस्टपासून चौदा डिसेंबरपर्यंत, एकही सुटलेली नाही. मी देवाला हात जोडले, खरंच जोडले. आणि मग शेवटचा रकाना वाचला. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच: मूळ फाइल काढून टाकली.

मी यादीचा प्रिंट काढला. हे जेवायला आले तेव्हा ताटाशेजारी ठेवला.

यांनी वाचला. घास तसाच हातात.

“म्हणजे आपण पुसले?”

“मी पुसले.”

“पोलिसात जाईल हे. पुरावा नष्ट केला म्हणतील. मिलवाल्यांच्या सांगण्यावरून केला म्हणतील, त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आपणच काढले होते.”

“मुद्दाम नाही केलं मी!”

“मला सांगून काय उपयोग?” हे म्हणाले. “तुझं तू ठरव. मी काही म्हणणार नाही. पण हा कागद द्यायचा असेल तर आधी तो बोर्ड उतरवून ठेव.”

हे रागानं बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं. मला बोर्ड दिसला. बोर्डाखाली उभे राहून हसणारे लोक दिसले. कटरेबाईनं मेलेल्या माणसाचे फोटो उडवले, हे बाजारात बोललं जाताना मला ऐकूसुद्धा आलं. वकिलांना ‘शोधते आहे’ एवढंच कळवलं आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हटलं, चौकशीत विचारलं तर देईन. विचारतीलच की!

चौकशी जानेवारीत झाली. मोठी खोली, लांब टेबल, बाहेरून आलेले एक चौकशी अधिकारी. एका बाजूला मिलचा मॅनेजर बोपचे पाय पसरून बसला होता. दुसऱ्या बाजूला दुरपता, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. मागच्या बाकावर भागरताचा खेमराज. विशी-बाविशीचा असेल, डोळे लाल. तो सबंध वेळ दुरपताच्या पाठीकडे बघत होता.

मला बोलावलं. मी गेले. पर्स काखेत घट्ट.

“फोटो तुम्ही बदलून दिले?” साहेबांनी विचारलं.

“हो.”

“मृताची पत्नी म्हणते, हे चार महिन्यांत काढलेले आहेत. फोनमधून घेतले तेव्हा त्यांवर वेगवेगळ्या तारखा होत्या का?”

साधा प्रश्न होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. वकिलांनी पाहिलं. दुरपतानं नाही पाहिलं. ती खाली बघत होती, अगदी निवांत. ताई सांगतील, असं ते बसणं होतं.

“नाही साहेब,” मी म्हटलं. “तारखा नव्हत्या. आले तसे दिले.”

“मूळ फाइल?”

“फोनमध्येच असतील. मी नाही ठेवत.”

वकील उठून म्हणाले की फोन तपासायला पाठवावा. साहेब म्हणाले, “त्यांचीच दुकानदार सांगते आहे की तारखा नव्हत्या, मग तपासायचं काय?” आणि पुढचा कागद घेतला. बोपचेनं पाय आत ओढून घेतले आणि माझ्याकडे बघून जरासं हसला. मी त्याची माणूस नव्हते. पण त्या क्षणी त्याची झाले, हे त्यालाही कळलं आणि मलाही.

बाहेर पायऱ्यांवर दुरपतानं मला गाठलं. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या धरते. धरल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ताई, तुम्हाले तरास झाला माह्यापायी,” ती म्हणाली. “त्या फोनमधेच काही खोट असन. जुनाच होता, माह्या भावानं वापरून देल्लेला. तुम्ही तरी काय करसान? होतं ते खरं सांगतलं.”

खेमराज आमच्या बाजूनं उतरला, तिच्या पायाजवळ थुंकला आणि गेला. तिनं पाय मागे घेतला, एवढंच.

अहवाल आला. फायरमनच्या निष्काळजीपणामुळे. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटो त्याला जोडलेले होते, पुरावा म्हणून, तेजरामच्या विरुद्ध. आळीतल्या बायांनी दुरपताला घरात घेणं तर सोडाच, पण नळावरसुद्धा शेवटी उभं केलं. मेलेला तिसरा माणूस म्हणून कोणी तेजरामचं नाव घेत नसे. दोन बाया मेल्या म्हणत, आणि त्या त्यानं मारल्या म्हणत. पौर्णिमाला शाळेत पोरं ‘बॉयलर’ म्हणून हाक मारत. वर्षभरात त्या दोघी दुरपताच्या माहेरी निघून गेल्या. जाताना दुरपता दुकानात येऊन गेली. तेजरामचा एक फोटो मोठा करून घेतला, हार घालायला. मी फ्रेम चांगली घातली. स्वतःची चीड येत होती आणि फ्रेम चांगली घालत होते.

कागद मी फाडला नाही. फाडायला गेले होते दोनदा. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खालच्या खणात ठेवला, फोटो कापायच्या कटरच्या खाली. रोज तो कटर काढायचा, रोज तो दिसायचा. बोर्डही तसाच होता.

सहा वर्षं गेली. गेल्या महिन्यात दुपारी एक मुलगी आत आली. उंच, खांद्याला बॅग.

“काकू, ओळखलं? पौर्णिमा नेवारे. फॉर्मसाठी फोटो पाहिजेत, आठ.”

“अगं बाई! केवढी झालीस! आई कशी आहे?”

“बाहेर बसली आहे बाकावर. वकिलांकडे कागद होते, ते न्यायला आलो. ते आता काम बंद करताहेत.”

मी तिचा फोटो काढला. ती कम्प्युटरचा कोर्स करत होती. मी फोटो कापायला घेतले तशी ती म्हणाली, “काकू, एक विचारू? आम्हाला शिकवलं. फोटो काढला की तारीख त्याच्या आतच बसते. ती नसते असं होत नाही. कोणी काढली तरच जाते.”

माझा हात कटरवरच राहिला.

“आईला सांगितलं तर माझ्यावरच धावून आली,” ती म्हणाली. “म्हणे, कटरेताई खोटं नाही बोलणार. तिथं जाऊन हे विचारायचं नाही.”

“मग का विचारतेस?”

“मी आई नाही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. बापाचंच तोंड होतं, रुंद कपाळ, दाट भुवया. मी खण उघडला. पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. सांगायला तोंड उघडलं, पण रडूच आलं, आणि त्या रडण्याचीही मला लाज वाटली. रडायचा हक्क तिचा होता.

तिनं उभ्यानंच सगळ्या ओळी वाचल्या. मग कागद माझ्याकडे सरकवला.

“खाली लिहा, काय झालं ते. सही करा.”

मी लिहिलं. बटण मी दाबलं, तारखा होत्या, मूळ फाइल मी पुसल्या, चौकशीत खोटं बोलले. चार ओळींतच झालं सगळं. सही केली. तारखेपाशी पेन थांबलं.

“आजची,” ती म्हणाली. “खरी घाला.”

कागद घेऊन ती बाहेर गेली. दार उघडंच होतं. मला बाकाचा कोपरा आणि दुरपताचा हात दिसत होता, काठीवर ठेवलेला. पन्नाशीचीही नाही ती, आणि काठी.

“आई, बाबांच्या फोटोंच्या तारखा आहेत,” पौर्णिमा म्हणाली. “वाचू?”

“वाच.”

“एकतीस ऑगस्ट.”

“तान्हा पोळा,” दुरपता म्हणाली. “तुह्यासाठी लाकडाचा नंदी आणला होता. तू म्हणे, मी पोरगी, मी कायले नेऊ. तरी नेला.”

“बारा सप्टेंबर.”

“गणपती शिरवले त्या दिवशी. तुहे बाबा चिखलात पडले, हसत घरी आले.”

“आठ ऑक्टोबर.”

“दसरा.”

“सत्तावीस ऑक्टोबर.”

“लक्ष्मीपूजन. ड्युटी होती. डब्यात करंज्या देल्ल्या होत्या.”

पोरगी वाचत गेली. काही तारखांना दुरपता बोलली, काहींना नुसतं ‘हं’ म्हणाली. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तेव्हा दोघी थांबल्या आणि तो गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

“चौदा डिसेंबर. संपल्या.”

“त्या दिवशी भाजीत मीठ जास्त झालं होतं,” दुरपता म्हणाली. “बोलले होते मले.”

मग पौर्णिमानं हळू आवाजात बाकीचं वाचलं, शेवटचा रकाना आणि माझ्या चार ओळी.

“ताईले मालूम होतं?”

“हो.”

“तवापासून?”

“हो, आई.”

काठी टेकल्याचा आवाज आला. दुरपता दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. मी काउंटरमागून उठले, हात जोडले, पण तिनं हातांकडे पाहिलंच नाही.

“खेमराज त गेला जी दोन वर्षांमागं,” ती म्हणाली. “कावीळ झाली होती. जाईपर्यंत, मी इकडं आली का मले पाहून थुंकत होता तो. त्याले कोण सांगन आता?”

ती तशीच दारात थांबली, खरंच उत्तर पाहिजे असल्यासारखी. मग पौर्णिमानं तिचा दंड धरला आणि दोघी बसस्टँडकडे गेल्या. फॉर्मचे आठ फोटो कापलेले काउंटरवरच राहिले. ती न्यायला आली नाही.